हात जवळ हवा, वाटेत नको



घरातील वडीलधारी व्यक्ती खुर्चीतून उठू लागते, तेव्हा आपला हात नकळत कोठे जातो, याकडे आपण कधी लक्ष दिले आहे काय? बहुतेकांचा हात दंडाकडे किंवा काखेकडे जातो. आपण ओढतो, ती व्यक्ती उठते, आणि सेवा केल्याचे समाधान आपल्या पदरी पडते. गेल्या वर्षापर्यंत मीही नेमके हेच करीत होतो.

माझी आई 79 वर्षांची आहे. यवतमाळच्या आमच्या घरी ती एकदा न्हाणीघरात घसरून पडली. सुदैवाने हाड मोडले नाही, मात्र मनात भीती बसली. तेव्हापासून पलंगावरून, खुर्चीवरून, कमोडवरून, जेथून म्हणून तिला उठायचे असे तेथून मी तिला हात देऊन उठवू लागलो. एके दिवशी घरची मंडळी लग्नाला गेली होती आणि मला कामानिमित्त घाटंजीला जावे लागले. दुपारी परत येण्याचे ठरले होते. परतायला सायंकाळ झाली. आई त्याच खुर्चीत बसून होती. पाण्याचा माठ तिच्यापासून दहा पावलांवर होता. ती एवढेच म्हणाली, "तहान लागली होती रे, पन उठनं झालं नाही."

वर्षभरापूर्वी हीच बाई घसरून पडल्यावरही स्वतःहून उठून बसली होती. मग या वर्षात तिचे बळ कोणी नेले? वयाने काही नेले असेल, हे खरे. पण काही वाटा माझ्या प्रेमळ हाताचाही होता, हे मला दुसऱ्याच आठवड्यात समजले. ते समजावून सांगणारे गृहस्थ ना डॉक्टर होते, ना औषधविक्रेते. आमच्या गल्लीत राहणारे ते एक निवृत्त प्राध्यापक. शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ बी.पी.एड.चे वर्ग घेतले. शाळेत आपल्याला कवायत शिकवणारे जे सर असतात, त्या सरांना घडवणारे हे सर.

ते घरी आले आणि पहिली दहा मिनिटे जवळजवळ काहीच बोलले नाहीत. "ताई, तुम्ही नेहमी उठता तशा उठा," एवढे आईला म्हणाले. मला म्हणाले, "तुम्ही नेहमी देता तसाच हात द्या." ही क्रिया त्यांनी तीनदा पाहिली. एकदा समोरून, एकदा बाजूने आणि एकदा मागून. मग म्हणाले, "यात उठण्याचे काम तुम्ही करीत आहात, त्या करीत नाहीत. त्यांच्या मांड्यांना या घरात कामच उरलेले नाही."

त्यांनी दाखवले ते अगदी साधे होते. आई खुर्चीच्या पाठीला टेकून मागे बसलेली असे. तिची पावले गुडघ्यांच्या बरीच पुढे असत. मी दंड धरून वर ओढत असे, त्यामुळे तिचे धड पुढे झुकतच नसे आणि शरीराचा भार पावलांवर येतच नसे. जो स्नायू उठवतो त्याला मी रोज दहा-बारा वेळा रजा देत होतो. शिवाय म्हाताऱ्या माणसाचा दंड ओढल्याने खांद्याला इजा होऊ शकते, ती गोष्ट वेगळीच.

येथे थोडे थांबून या शिक्षकांच्या शिक्षकांविषयी बोलायला हवे; कारण आरोग्याच्या चर्चेत आपण त्यांना सहसा बोलावत नाही. पी.टी.चे सर म्हणजे शिट्टी, ऊन आणि 'सावधान-विश्राम' अशीच आपली समजूत असते. प्रत्यक्षात ही एक जुनी आणि गंभीर विद्या आहे. हॅरी क्रो बक यांनी 1920 मध्ये मद्रास येथे वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. मुंबईत कांदिवली येथे 1938 मध्ये सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. त्याही आधी बडोद्यात प्राध्यापक माणिकरावांच्या व्यायामशाळेत गुरुशिष्यांची मोठी परंपरा उभी राहिली होती. त्यांचेच शिष्य स्वामी कुवलयानंद यांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली आणि योगाला प्रयोगशाळेत तपासून पाहिले.

आपल्या वऱ्हाडाला तर यासाठी फार दूर पाहण्याचेही कारण नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 मध्ये जो आखाडा सुरू केला, त्यातूनच आजचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पुढे तेथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय झाले आणि गावोगावच्या शाळांना तेथून शिक्षक मिळू लागले. मंडळाचे प्रभाकर वैद्य यांना 2012 मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले. 1 मे 1983 रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत यवतमाळसह पाच जिल्हे येतात. या जिल्ह्यांतील शाळांतून निवृत्त झालेले कितीतरी व्यायामशिक्षक आज आपल्या शेजारीच राहत असतील.

हे शिक्षक शिकतात तरी काय? शिक्षक शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने 2014 मध्ये केलेल्या नियमांनुसार बी.पी.एड. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. खेळ आणि कवायत यांच्या जोडीला त्यात शरीररचना, शरीरक्रिया, योग, आरोग्यशिक्षण, हालचालीचे शास्त्र, चाचणी व मोजमाप, तसेच क्रीडा वैद्यक आणि पुनर्वसन हेही विषय असतात. पण आमच्या प्राध्यापकांच्या मते खरी परीक्षा असते ती सराव पाठाची. विद्यार्थी पाठ टाचण लिहितो, मैदानावर मुलांसमोर उभा राहतो आणि प्राध्यापक वही घेऊन कडेला उभे राहतात. मुले काय करतात याकडे त्यांचे लक्ष कमी असते. शिकवणारा काय पाहतो, हे ते पाहतात. चूक त्याच्या दृष्टीस पडली का? पाच चुका दिसल्या, तर आधी कोणती दुरुस्त करायची हे त्याला कळले का? त्याने सांगितले किती आणि करून दाखवले किती?

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला विशेष भिडली. मलखांब किंवा उडीच्या घोड्याजवळ आधार देण्यासाठी एक जण उभा असतो. नवखा विद्यार्थी घाबरून उडी घेणाऱ्याला धरूनच ठेवतो. त्याने अपघात टळतो, पण मूल उडी कधीच शिकत नाही. प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना सांगत, "आधार देणारा हात पडण्याच्या वाटेवर असावा, उडीच्या वाटेत नसावा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचा हात ताईंच्या वाटेत आहे."

वाचकहो, आजच्या लेखाचे सारे सार या वाक्यात आहे. आता त्यामागचे शास्त्र थोडे पाहू.

वाढत्या वयात स्नायूंचे आकारमान आणि बळ घटत जाते. मांड्यांचे बळ कमी झाले की उठणे, जिना चढणे, तोल सावरणे ही सारीच कामे अवघड होतात आणि पडण्याचा धोका वाढतो. परंतु स्नायू कोणत्याही वयात शिकवले तर शिकतात. बोस्टन येथील संशोधकांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या विषयात वारंवार सांगितला जातो. वृद्धाश्रमातील सरासरी 90 वर्षांच्या दहा अशक्त व्यक्तींना त्यांनी आठ आठवडे देखरेखीखाली पायांच्या बळाचे व्यायाम दिले. नऊ जणांनी प्रशिक्षण पूर्ण केले. त्यांच्या पायांचे बळ सरासरी 174 टक्क्यांनी वाढले. गट लहान होता हे खरे. पण "या वयात आता काय होणार" या वाक्याला त्याने चांगलेच उत्तर दिले. आज जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची मार्गदर्शिकाही ज्येष्ठांना चालण्यासारख्या हालचालींबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस बळाचे व्यायाम आणि किमान तीन दिवस तोलावर भर देणारे मिश्र व्यायाम करण्यास सुचवते. केवळ सकाळी फिरून येणे पुरेसे नाही, हा त्याचा अर्थ.

खुर्चीतून उठण्याची जी चाचणी आज अनेक दवाखान्यांत घेतली जाते, तीही शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रातील विद्यापीठीय अध्यापकांनीच रूढ केली. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील रॉबर्टा रिक्ली आणि जेसी जोन्स या दोन प्राध्यापिकांनी ज्येष्ठांसाठी चाचण्यांचा एक संच तयार केला. त्यातील ही एक. सुमारे 43 सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. दोन्ही हात छातीवर घडी करून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजायचे. हात टेकवावे लागले, तर गुण शून्य. तेथील ज्येष्ठांच्या मोजणीवरून 65 ते 69 वयाच्या स्त्रियांना 11 आणि पुरुषांना 12 पेक्षा कमी वेळा उठता आले, तर ते बळ सरासरीपेक्षा कमी मानतात. 75 ते 79 या वयात हे आकडे अनुक्रमे 10 आणि 11 आहेत. आकडा कमी आला म्हणून घाबरू नये. तो निकाल नाही. अभ्यास कोठून सुरू करायचा, एवढेच तो सांगतो.

आमच्या आईचा पहिल्या दिवशीचा गुण शून्य होता. प्राध्यापकांनी वही मागितली आणि त्यावर रीतसर पाठ टाचण लिहिले. तोच पाठ येथे देत आहे. मात्र आधी एक सावधगिरी. अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, हाड मोडले असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा गुडघ्याला फार सूज असेल, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज काहीही सुरू करू नये. अर्धांगवायूनंतरचे व्यायाम हे फिजिओथेरपिस्टचे काम आहे. आमच्या प्राध्यापकांनीही आईचे कागद पाहिल्यावर आणि डॉक्टरांचा होकार आल्यावरच पाठाला हात घातला. आपल्या विद्येची सीमा जाणणे हीही त्या विद्येतीलच एक गोष्ट आहे.

पाठाचा पहिला भाग, अंग मोकळे करणे. वेळ पाच मिनिटे. खुर्चीत बसून घोटे गोल फिरवावेत, गुडघा सरळ करून पाय पुढे उचलावा, खांदे वर-खाली करावेत, बसल्या जागी पावले टाकावीत. शाळेतील तासाची सुरुवातही अशीच होते. थंड अंगाला एकदम काम सांगायचे नसते.

दुसरा भाग, मुख्य कौशल्य. उठण्याची एक क्रिया चार तुकड्यांत शिकवायची. पहिला तुकडा, सरकत खुर्चीच्या कडेला येणे. दुसरा, पावले नितंबांएवढ्या अंतरावर ठेवून टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घेणे. तिसरा, नाक पावलांच्या बोटांवर येईल एवढे धड पुढे झुकवणे. चौथा, जमीन पायांनी खाली दाबत, श्वास सोडत उभे राहणे. उभे राहिल्यावर दोन-तीन श्वास थांबावे. एकदम चालू लागू नये. बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश बसावे. धपकन बसणे म्हणजे अर्धा व्यायाम वाया घालवणे. कारण खाली येताना शरीर सावरून धरणाऱ्या स्नायूंनाही तितकेच काम मिळते.

आसन उंच असेल तर उठणे सोपे जाते. म्हणून पहिल्या आठवड्यात खुर्चीवर घट्ट घडी केलेली सतरंजी ठेवली आणि हात टेकवण्याची मुभा दिली. तीनदा उठणे, थोडी विश्रांती, पुन्हा तीनदा. ते सहज जमू लागले तेव्हा सतरंजीची एक घडी कमी केली. मग एकच हात टेकवला. मग हात मांडीवर ठेवले. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट बदलायची, दोन कधीच नाही, हा प्राध्यापकांचा दंडक होता. हा भाग एका दिवसाआड करावा. स्नायूंना विश्रांतीही लागते.

तिसरा भाग, तोल. स्वयंपाकाच्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा उचलाव्यात, दहा वेळा. मग पावले जुळवून दहा आकडे होईपर्यंत उभे राहावे. ते जमले की एक पाऊल थोडे पुढे ठेवून उभे राहावे. बोटे ओट्यावरच असू द्यावीत. पायात सैल चप्पल नको, फरशी ओली नको, आणि मागे एक खुर्ची असावी.

शेवटी पाच मिनिटे शांत बसून संथ श्वास. उन्हाळ्यात आपल्याकडचे ऊन कसे असते हे आपणास ठाऊकच आहे. तेव्हा पाठ सकाळी लवकर घ्यावा आणि पाणी जवळ असावे. व्यायामानंतर मांड्या थोड्या जड वाटल्या तर चिंता नको. परंतु छातीत दुखणे, अतिशय धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा सांध्यात तीव्र कळ येणे यांपैकी काहीही झाले, तर तत्काळ थांबून डॉक्टरांना कळवावे.

आता दोन शब्द, शुश्रूषा करणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी.

पहिले, बाजूला आणि किंचित मागे उभे राहा. एक तळहात पाठीपासून चार बोटे अंतरावर, दुसरा कमरेजवळ. तोल गेला तर हात तेथेच आहे. गेला नाही तर तो लागणारही नाही.

दुसरे, कमी बोला. "सांभाळ, पडशील, हळू" असे आपण एका श्वासात तीनदा म्हणतो. त्याने भीती शिकवली जाते, उठणे शिकवले जात नाही. "नाक पुढे, आता उठ" एवढे पुरे. आणि एका वेळी एकच चूक दुरुस्त करा.

तिसरे, वाट पाहा. हे सर्वांत कठीण आहे. आई खुर्चीत पुढे सरकायला अर्धे मिनिट घेई, तेव्हा मला दूध उतू जाईल, कार्यालयाला उशीर होईल असे सारे आठवे. प्राध्यापक म्हणत की त्यांच्या विद्यार्थ्यांचे सराव पाठ बहुतेक येथेच बिघडत. मुलाला जमण्याच्या आत शिकवणाराच ते करून मोकळा होई. घराघरांत आपण हेच करतो. आपला उशीर वाचतो आणि त्यांचे बळ खर्ची पडते.

ज्येष्ठ वाचकांनाही एक नम्र विनंती आहे. हात नाकारण्यात मुलांचा अपमान नाही. "थांब, आधी मला करू दे" असे म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. मात्र खरोखर गरज असेल तेव्हा हात मागण्यात संकोचही नको.

आपल्या गावात, मग ते पुसद असो, वणी असो की दारव्हा, एखादे निवृत्त व्यायामशिक्षक किंवा प्राध्यापक असतील, तर त्यांच्याकडे अवश्य जा. त्यांनी काय शिकवले, कोणाला शिकवले हे विचारा. ज्येष्ठांबरोबर काम केले आहे का, तेही विचारा. जो आधी आजाराची चौकशी करतो, आधी पाहतो आणि मग सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवा. पहिल्याच दिवशी पन्नास बैठका सांगणाऱ्याला दुरून नमस्कार करा. आणि जे शिक्षक हा लेख वाचत असतील त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की निवृत्तीनंतर आपली शिट्टी खुंटीला लावली तरी चालेल. आपली पाहण्याची नजर मात्र गल्लीतील चार-पाच ज्येष्ठांना हवी आहे.

आमच्या घरी दहा आठवडे झाले. आई आता साध्या खुर्चीवरून, हात छातीवर ठेवून, 30 सेकंदांत सात वेळा उठते. तक्त्याच्या मानाने हा आकडा अजून कमीच आहे. वहीत प्राध्यापकांनी त्याखाली 'सराव चालू' असा शेरा लिहिला आहे. जिन्याची तिला अजून भीती वाटते, आणि न्हाणीघरात मी आजही दाराशी उभा असतो. पण गेल्या आठवड्यात मी सवयीने हात पुढे केला, तेव्हा तिने तो बाजूला सारला. म्हणाली, "राहू दे बाबू. माह्यानं होते." आणि ती उठली, क्षणभर थांबली आणि माठाकडे गेली.

या पंधरवड्यात आपणही एक करून पाहावे. एक दिवस आपल्या आईवडिलांना उठताना केवळ पाहावे. एकदा समोरून, एकदा बाजूने, एकदा मागून. हात जवळ ठेवावा, आणि तो कोठे जाऊ पाहतो याकडेही लक्ष द्यावे.